१९९४च्या फ्लॅटमधलं ४ बाय ७चं बाथरूम नवीन करायचंय, आईची बादली आणि बायकोचा रेन शॉवर दोन्ही बसतील का?

तिखटमीठ, ११ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचा फ्लॅट कोथरूडात, १९९४ची बिल्डिंग, पार्किंगवर चार मजले आणि आम्ही सगळ्यात वर. बाथरूम ४ बाय ७ फूट, त्याला लागून संडास ३ बाय ४, त्याला वेगळं दार. खाली अजून तीच ती पांढरी-निळी ८ बाय ८ची टाइल, भिंतीवर चार फुटांपर्यंत टाइल आणि वर ऑइलपेंट जो दर पावसाळ्यात फुगतो. संडास देशी पद्धतीचा. माळ्यावर जुन्या कढया, गणपतीचं मखर आणि २५ लिटरचा गिझर एकत्र नांदतात.

आजवर ढकलत होतो पण गेल्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली, त्या रोज जिन्यात भेटल्या की आधी हसतात आणि मग छताचं विचारतात. आणि दुसरं म्हणजे आई (वय ७४, दोन्ही गुडघे बोलतात) आंघोळ करून चौरंगावरून उठताना टॉवेलच्या दांडीला धरायला गेली आणि दांडी स्क्रूसकट हातात आली. नशीब की परत चौरंगावरच बसली. तिने ती दांडी शांतपणे बाहेर आणून माझ्या लॅपटॉपवर ठेवली आणि म्हणाली, "हे तुझ्या वडिलांनी लावलेलं, ९५ साली." बास, त्या दिवशी ठरलं की करायचंच.

आता बायकोचं पिंटरेस्ट उघडलंय. काळे नळ, काचेचं पार्टिशन, छतातून पडणारा रेन शॉवर, भिंतीला लटकलेला कमोड, मागे लाइट लावलेला गोल आरसा. आईचं म्हणणं एकच, बादली ठेवायला आणि चौरंगावर बसायला जागा पाहिजे, बाकी काय ते करा. एक इंटीरियरवाला येऊन गेला, तो म्हणाला मधली भिंत पाडून एक मोठं बाथरूम करू, मस्त लुक येईल. त्याने टॅबवर दाखवलेल्या चित्रात बादलीच नव्हती.

भिंत पाडावी का? रेन शॉवर चालेल का? आणि गळती परत होणार नाही याची खात्री कशी करायची? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

झिम्मा, ११ जानेवारी, रात्री १०:३१

फोटो टाका की! टॉवेलच्या दांडीचा पण चालेल :)

निवांत_पाटील, ११ जानेवारी, रात्री ११:०५

भिंत पाडू नका असं माझं ठाम मत. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत). आम्ही पाडली २०१७ला. लुक आला खरा, पण घरात पाच माणसं आणि सकाळी सात ते साडेआठ एकच दार. मुलगी आंघोळीला गेली की अर्धा तास बाकीचे पेपर वाचत उभे. पूर्वी निदान दोन माणसं एकाच वेळी आपापल्या कामाला लागायची. तुमच्याकडे दुसरं बाथरूम आहे का ते लिहिलेलं नाही. नसेल तर वेगळं संडास म्हणजे सोनं आहे, जपून ठेवा.

लेव्हलट्यूब, १२ जानेवारी, सकाळी ७:२०

बावीस वर्षं साइटवर आहे (सिव्हिल), म्हणून जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

लोक टाइल निवडायला चार रविवार घालवतात आणि टाइलच्या खाली काय चाललंय ते बघायला चार मिनिटंही थांबत नाहीत. तुमच्या काळच्या बिल्डिंगीत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली टाकलेला असतो, त्याला आम्ही सन्क म्हणतो, साधारण आठ इंच ते फूटभर खोल. त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरलेला असतो. तीस वर्षांनी काय होतं, नहाणी ट्रॅपचा (जाळीखालच्या भांड्याचा) आणि पाइपचा जॉइंट सुटतो, पाणी त्या कोब्यात मुरतं आणि आख्खा कोबा स्पंजासारखा भिजून बसतो. वरून नवी टाइल मारली, फटींत ग्राउट भरलं, तरी खालचं पाणी काकूंच्या छतावर जायचं ते जाणारच. "टाइलवर टाइल चिकटवून देतो, तोडफोड नाही" असं म्हणणारा कुणी आला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

सन्क पूर्ण खोदून स्लॅबपर्यंत जा. आतले जीआयचे (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप असतील तर सगळे काढा, ते आतून गंजून बोटाएवढं भोक उरलेलं असतं. नवे सीपीव्हीसीचे (गरम पाणी चालणाऱ्या प्लॅस्टिकचे) घाला, आणि भिंत बुजवायच्या आधी प्लंबरला पंप लावून प्रेशर टेस्ट करायला सांगा, तोंडी "काय नाय होत साहेब" ही टेस्ट नव्हे. मग स्लॅब साफ करून, कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करून (गवंडी त्याला वाटा म्हणतात), दोन कोट वॉटरप्रूफिंग केमिकल, एक आडवा आणि एक उभा. कोट जमिनीपुरता मारून थांबू नका, भिंतीवर फूटभर घ्या आणि जिथे शॉवर आहे तिथे डोक्याच्या वरपर्यंत घ्या. मग पाणी भरून ठेवा. ४८ तास कमीत कमी, माझ्या साइटवर मी ७२ ठेवतो. पेन्सिलने भिंतीवर रेघ मारा. पाणी थोडंफार उडून जातं, पण इंचभर उतरलं तर परत कोट. हे सगळं झाल्यावर टाइलचा विषय.

उताराचं पण सांगून टाकतो. १००ला १ तरी पाहिजे, म्हणजे तुमच्या सात फुटांत वीस-एकवीस मिलिमीटर. ४ बाय २ फुटांची मोठी टाइल खाली घालायचा मोह होतो, पण जाळी कोपऱ्यात असेल तर उतार दोन दिशांनी द्यावा लागतो आणि मोठी टाइल काही वाकत नाही, मग तिला तिरके काप मारावे लागतात आणि सगळी शोभा जाते. एकतर खाली १ बाय १ घ्या, नाहीतर भिंतीलगत लांब पट्टीची जाळी घ्या म्हणजे उतार एकाच बाजूला. मात्र त्या पट्टीच्या खाली पण ट्रॅप लागतोच, त्यात दोनेक इंच पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वास आणि झुरळं दोन्ही वर येतात.

शेजारचा_गण्या, १२ जानेवारी, सकाळी ९:४८

लेव्हलट्यूब, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून गवंड्याच्या खिशात ठेवणार. आमच्याकडे उतार इतका "बरोबर" काढलाय की पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं, रोज आंघोळीनंतर मी पायाने पाणी ढकलतो, तोच माझा व्यायाम.

साधीराधा, १२ जानेवारी, दुपारी २:१५

बायकांच्या बाजूने लिहिते कारण साफ कोण करतं हा प्रश्न अजून कुणी विचारलाच नाही.

मॅट टाइल फोटोत भारी दिसते आणि पाय घसरत नाही हेही खरं, पण फार खरबरीत घेतलीत तर साबणाची साय तिच्यात बसते आणि निघत नाही. दुकानात टाइल घेताना मी सरळ पाण्याची बाटली घेऊन गेले होते, टाइल खाली ठेवून ओली केली, चप्पल काढून उभी राहिले. दुकानदार बघत बसला पण मला कळलं की कुठली घ्यायची. जमिनीला अँटिस्किड आणि भिंतीला गुळगुळीत, बास. भिंतीवरून कोण चालणारे.

दुसरं ग्राउट. साधं सिमेंटचं ग्राउट वर्षभरात काळं पडतं. इपॉक्सी महाग पडतं, भरणाऱ्या माणसाचा हात पण चांगला लागतो, पण ते पाणी पीत नाही. आणि आमच्या मावशींसारख्या मावशी असतील, ज्यांना ऍसिड ओतल्याशिवाय स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही, तर इपॉक्सीच घ्या, ऍसिडने सिमेंटचं ग्राउट खाल्लं जातं. (जाता जाता, ऍसिड आणि ब्लीचवालं लिक्विड एकत्र कधीही ओतू नका. क्लोरीन वायू होतो. माझी जाऊ एकदा खोकत खोकत बाहेर आली होती.)

आणि काळे नळ घेऊ नका. पुण्यात उन्हाळ्यात टँकर आला की आठ दिवसांत त्यावर पांढरे ठिपके. रोज पुसायची तयारी असेल तर घ्या, नाहीतर स्टीलवर क्षार दिसले तरी इतके दिसत नाहीत.

तिखटमीठ, १२ जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांना धन्स! पाटील, दुसरं बाथरूम नाही, एकच. त्यामुळे भिंत राहतेय, बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती म्हणाली "पेपर वाचत उभं राहायला तुला आवडेलच", पण पटलंय. राधाताई, काळे नळ अजून यादीत आहेत, बोलणी चालू आहेत.

कुडाळकर, १३ जानेवारी, सकाळी ६:५५

तुमच्याकडे क्षार तरी पांढरे. आमच्याकडे गावी बोअरला लोह आहे, पांढऱ्या कमोडात तांबडी रेघ पडते पाणी वाहतं तिथे, सहा महिन्यांत. शहरातून आलेला पाहुणा आधी ती रेघ बघतो आणि मग आपल्याकडे. आम्ही मग जमिनीला सरळ शहाबादी घातली, आणि भिंतीला विटकरी टाइल. डाग आणि टाइल एकाच रंगाचे, कटकट मिटली. पाणी बघून रंग निवडावा रे बाबा, चित्र बघून नव्हे.

ओसाकाकर, १३ जानेवारी, दुपारी १२:४०

मी गेली नऊ वर्षं जपानात, म्हणून भिंत न पाडण्याला डबल अनुमोदन. इथे साध्या घरातसुद्धा संडास वेगळा, आंघोळीची खोली वेगळी आणि मध्ये कपडे बदलायची, वॉशिंग मशीनची छोटी जागा. म्हणजे आपल्या जुन्या वाड्यातली न्हाणी आणि संडास लांब ठेवायची पद्धत हे लोक अजून पाळतायत आणि आपण ती मोडून "मॉडर्न" होतोय, गंमतच आहे.

इथली आंघोळ तुमच्या आईंना आवडेल बघा. टबच्या बाहेर बुटक्या स्टुलावर बसायचं, छोट्या बादलीने पाणी घ्यायचं, साबण लावून पूर्ण स्वच्छ व्हायचं आणि मगच टबमध्ये डुंबायला जायचं. टबातलं पाणी सगळ्या घराचं एकच, म्हणून त्यात साबण नेला की आमची घरमालकीण भुवया उंचावते. तर बसून आंघोळ करणं जुनाट वगैरे काही नाही, इथे नव्या कोऱ्या फ्लॅटमध्येही तेच स्टूल असतं.

आणि ती आंघोळीची खोली कारखान्यातून तयार येते, जमीन-भिंती-छत एकाच साच्यातले भाग. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकच्या आधी एका मोठ्या हॉटेलच्या हजारभर खोल्या वेळेत उरकायच्या होत्या, त्यात ही पद्धत आली. गळायला सांधेच कमी. लेव्हलट्यूब, तुमचा धंदा बसेल इथे.

एक छोटी कल्पना उचलण्यासारखी: इथे बऱ्याच फ्लश टाक्यांच्या झाकणावरच नळ आणि खोलगट बेसिन असतं. फ्लश केला की टाकीत भरायचं पाणी आधी त्या नळातून येतं, त्यात हात धुवायचे, तेच पाणी टाकीत. ३ बाय ४च्या संडासात वेगळं बेसिन बसत नाही तिथे फार कामाचं.

न्यूजर्सीची_सई, १३ जानेवारी, संध्याकाळी ६:०२

आमच्याकडची उलटी कथा. इथे टबच्या बाहेर जमिनीला जाळीच नसते! खाली लाकडी फळ्या आणि त्यावर टाइल. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी ऑफिसला होते, त्यांना बाथरूम "धुऊन" घ्यायचं होतं, त्यांनी दोन बादल्या पाणी मारलं आणि खराट्यासारखं काहीतरी शोधत बसल्या. पाणी कुठेच जाईना. मग त्यांच्या लक्षात आलं की ते गेलंय, खाली हॉलमध्ये, सोफ्यावर. मला फोनवर म्हणाल्या, "अगं तुमच्याकडे मोरीला भोकच नाही, हे कसलं घर बांधलंय." छताचा तुकडा कापून बदलावा लागला. पण त्यांचा प्रश्न मला अजूनही बरोबर वाटतो.

शेजारचा_गण्या, १३ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

"मोरीला भोकच नाही" हे आता माझं व्हॉट्सॲप स्टेटस.

वजरी, १४ जानेवारी, सकाळी ११:११

काचेच्या पार्टिशनबद्दल. ४ फूट रुंदीत काच लावलीत तर आतली जागा अडीच बाय चार उरेल. शॉवरखाली उभं राहायला चालेल, पण नरकचतुर्दशीला काय करणार? पाट मांडायचा, नातवाला बसवायचं, मागे आजी तेल-उटणं घेऊन उभी, बाजूला बादली आणि घंगाळ, कुणीतरी ओवाळायला दाराशी. अडीच फुटांत अभ्यंगस्नान करून दाखवा मला. माझं नावच वजरी आहे त्यामुळे पाय घासायला खाली बसता आलं पाहिजे हा माझा मूलभूत हक्क आहे (हलकेच घ्या).

मार्बलमॅन, १४ जानेवारी, दुपारी १:२०

वर्षातल्या एका दिवसासाठी ३६४ दिवस ओलं बाथरूम वापरायचं का? काच असली की अर्धा भाग कोरडा राहतो, कोरडा राहिला की कुणी घसरत नाही. हाच तर मॉडर्न डिझाइनचा मुद्दा आहे. सगळ्यांना बादलीच पाहिजे असेल तर कशाला खर्च करताय, मोरीच ठेवा.

वजरी, १४ जानेवारी, दुपारी १:४५

३६४ दिवस काचेवरचे पाण्याचे डाग कोण पुसणार, तेही लिहा ना मग.

मार्बलमॅन, १४ जानेवारी, दुपारी २:०३

आमच्याकडे मी पुसतो. आंघोळ झाली की रबरी वायपर एकदा फिरवायचा, अर्धा मिनिट. आमच्याकडे ८ मिलिमीटरची टफन्ड काच आहे, सहा वर्षं झाली, एक डाग नाही.

साधीराधा, १४ जानेवारी, दुपारी २:२०

मार्बलमॅन, तुमच्या बायकोला आमचा नमस्कार सांगा. पण मुद्दा असा की तुमच्याकडे ७४ वर्षांचं माणूस नाही बहुतेक. तोल गेला की माणूस जे दिसेल ते धरतं आणि काचेला धरायला काही नसतं. टफन्ड फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होत नाहीत, बारीक खडे होतात, तरी त्या खड्यांवर ओल्या पायाने कोण उभं राहणार. मधला मार्ग म्हणजे पडदा. चांगल्या कापडाचा, धुता येणारा, दिवाळीला सरकवला की झालं.

लेव्हलट्यूब, १४ जानेवारी, रात्री ८:५०

पडद्याला माझंही मत. आणि कोरडं-ओलं वेगळं करायला उंबरा घालतात तो आईंसाठी घालू नका, पाय अडकतो. नुसता उतार नीट काढला तर पाणी येत नाही.

रेन शॉवरचं राहिलं होतं. तिखटमीठ, तुम्ही सगळ्यात वर राहता ना? मग गणित बघा. पाण्याचा दाब उंचीवर असतो, १० मीटर उंचीला साधारण १ बार. तुमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी आणि तुमच्या शॉवरचं तोंड यांत जेमतेम अडीच-तीन मीटरचा फरक असणार, म्हणजे पाव बार. फूटभर रुंदीच्या रेन शॉवरला एक बार तरी पाहिजे. तुमच्याकडे रेन शॉवर लावलात तर मधूनच थेंब पडतील, आणि तुम्ही त्या थेंबाखाली फिरत फिरत भिजाल. पहिल्या मजल्यावरच्या लोकांना फुकट मिळतं ते तुम्हाला प्रेशर पंप लावून मिळेल. पंप लावायचा तर त्याचा आवाज, वीज आणि सोसायटीची परवानगी. नाहीतर साधा हातात धरायचा शॉवर घ्या, सरकत्या दांडीवर. उभ्याने पण चालतो आणि चौरंगावर बसूनही.

तिखटमीठ, १४ जानेवारी, रात्री १०:४०

बायकोने "थेंबाखाली फिरत फिरत" वाचलं आणि पाच मिनिटं बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, पण आरसा मी ठरवणार."

गिझरबद्दल एक: शेजारी म्हणतात गॅस गिझर घ्या, बाथरूममध्येच बसतो, पाइपगॅस आहेच, वीज वाचेल.

परिचारिका_मी, १५ जानेवारी, सकाळी ८:०५

गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत अजिबात नको. अजिबात. ज्योतीला हवा लागते, खोली बंद असली की ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला फक्त झोप आल्यासारखं वाटतं. मी ड्यूटीवर असे पेशंट बघितलेत, आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही म्हणून दार तोडलेलं. लावायचाच तर ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेत, आणि तिथून गरम पाण्याचा पाइप आत.

आणि दाराचं बघा. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर आत पडलेल्या माणसाच्या अंगानेच ते अडतं आणि बाहेरच्यांना ढकलता येत नाही. बाहेर उघडणारं करा आणि कडी अशी लावा की बाहेरून नाणं फिरवून उघडता येईल. यासाठी फार पैसे लागत नाहीत हो.

लेव्हलट्यूब, १५ जानेवारी, सकाळी ९:१५

वरच्या प्रतिसादाला हात जोडून अनुमोदन.

विजेचा १५ लिटरचा गिझर घ्या, बादलीच्या आंघोळीला पुरतो. २० अंशांचं पाणी ५५ पर्यंत न्यायला जेमतेम ०.६ युनिट लागतं, २ किलोवॅटच्या कॉइलला वीस मिनिटं. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या, १९९४च्या वायरिंगवर विश्वास ठेवू नका.

कमोड भिंतीला लटकणारा घेणार असाल तर एक फायदा कुणी सांगत नाही, त्याची उंची तुम्ही ठरवता. गुडघेदुखीवाल्यांना १७ ते १९ इंच बरी पडते, आईंना खुर्चीवर बसवून मोजा. पण तुमची मधली भिंत चार इंची विटेची असणार, तिला खाच पाडून टाकी आत घुसवू नका. जमिनीला बोल्ट मारून उभी राहणारी लोखंडी फ्रेम येते, तिच्यावर सगळं वजन जातं. त्यात सहा-आठ इंच जागा जाईल, त्या फ्रेमच्या वर कट्टा मिळेल, टिशू आणि फुलदाणी ठेवायला.

धरायचे दांडे मात्र पोकळ टाइलवर नकोत. टाइल बोटाने वाजवून बघा, जिथे भरीव आवाज येईल तिथेच, आणि विटेत नीट अँकर मारून. लावल्यावर गवंड्याला त्याला लोंबकळायला सांगा.

तिखटमीठ, ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

अपडेट. सोसायटीला पत्र, डिपॉझिट, दुपारी दोन ते चार तोडफोड बंद, राडारोडा आपल्या खर्चाने बाहेर, सगळं मान्य करून तिसऱ्या तारखेला काम सुरू केलं. सेक्रेटरींनी आधीच सांगितलं होतं की बाथरूमची आतली गळती सभासदाच्या खर्चात, त्यामुळे काकूंच्या छताचा रंगही माझ्याच डोक्यावर आहे.

लेव्हलट्यूब, तुम्ही लिहिलं होतं तसंच निघालं. कोबा फोडला तर वरचा थर कोरडा आणि खाली चिखल. खरंच चिखल, काळा, शेवाळाचा वास येणारा. ५८ गोण्या निघाल्या एवढ्याशा खोलीतून, चार मजले खाली उतरवताना लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत हमालांनी जे काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. जीआयच्या पाइपचा एक तुकडा मी ठेवून घेतलाय, त्यातून पेन्सिल जात नाही. आणि नहाणी ट्रॅपच्या बाजूला जुन्या कोणीतरी जॉइंटला चक्क सुतळी आणि डांबर लावलेलं होतं. तीस वर्षं टिकलं म्हणजे त्याला पण मानलं पाहिजे.

प्लंबर पहिल्या दिवशी म्हणाला प्रेशर टेस्ट कशाला, बत्तीस वर्षं काम करतोय. मी म्हटलं करूच. पंप लावला, वीस मिनिटांत काटा खाली. डायव्हर्टरच्या (पाणी नळाला की शॉवरला ते फिरवणाऱ्या कॉकच्या) मागच्या एल्बोतून, म्हणजे वळणाच्या जोडातून, बारीक धार. तो काही बोलला नाही, नवीन एल्बो आणायला गेला.

झिम्मा, १० फेब्रुवारी, सकाळी ९:०२

फोटो!!!

तिखटमीठ, १९ फेब्रुवारी, रात्री ९:१५

पाणी भरून ७२ तास झाले आज. रेघेपासून चार मिलिमीटर खाली, लेव्हलट्यूब म्हणाले उडालंच असेल. या तीन दिवसांत आम्ही सगळे आंघोळीला समोरच्या फ्लॅटमध्ये, टॉवेल खांद्यावर टाकून, लायनीने. काकू रोज सकाळी स्टुलावर चढून आपलं छत हाताने चाचपतात आणि मला व्हॉट्सॲपवर "कोरडे" एवढंच पाठवतात. आज शेवटच्या दिवशी "कोरडे, चहाला या" आलं.

निवांत_पाटील, १९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

हा धागा वाचनखुणेत. काकूंना सोसायटीची क्वालिटी इन्स्पेक्टर करा.

तिखटमीठ, २२ मार्च, सकाळी १०:०५

झालं एकदाचं. दोन आठवड्यांचं काम सात आठवडे चाललं, मध्ये टाइलवाला गावाला लग्नाला गेला तो होळी करूनच आला.

भिंत ठेवली. जमिनीला राखाडी अँटिस्किड १ बाय १, भिंतीला पांढरी २ बाय १ छतापर्यंत, इपॉक्सी ग्राउट. लांब पट्टीची जाळी मागच्या भिंतीला, उतार असा आलाय की गोटी ठेवली तर सरळ जाळीत जाते (मुलाने सोडून बघितली, ती आता जाळीतच आहे). पडदा, काच नाही. हातशॉवर. दोन स्टीलचे दांडे, एक चौरंगाच्या बाजूला आणि एक कमोडपाशी, गवंडी खरंच लोंबकळला, त्याचा फोटो आहे माझ्याकडे. दार बाहेर उघडतं. चौकट ग्रॅनाइटची, दार फायबरचं, जुनं लाकडी खालून भुगा झालं होतं. माळ्याचा अर्धा भाग गेला म्हणून मखर सध्या माझ्या कपाटात. सगळं मिळून दोन लाख साठ हजार, काकूंचा रंग धरून.

नळ शेवटी काळे नाही घेतले. पण आरसा गोल आहे, मागे लाइट आहे, आणि बायको त्याच्यासमोर उभी राहून फोन करते.

आईने पहिल्या दिवशी आत जाऊन सगळीकडे हात फिरवला, दांड्याला धरून दोनदा उठून-बसून बघितलं, "बरंय" म्हणाली आणि स्वयंपाकघरातून तिची जुनी पितळी बादली आणून बरोब्बर मध्ये ठेवली. दणकन. आता नव्या टाइलवर एक चंद्रकोरीसारखा काळपट ओरखडा आहे. यावर काही उपाय?

साधीराधा, २२ मार्च, सकाळी १०:३०

तो ओरखडा धातूचा असतो, टाइलचा नव्हे. बेकिंग सोड्याची पेस्ट करून मऊ कापडाने चोळून बघा, निघेल बहुतेक. तारेचा चोथा लावू नका.

कुडाळकर, २२ मार्च, सकाळी ११:१२

सायकलची जुनी ट्यूब घे, कापून बादलीच्या बुडाला कडेने चिकटव. आमच्या आयेची कळशी तशीच आहे.

तिखटमीठ, २२ मार्च, सकाळी ११:४०

सोड्याने निम्मा गेला! ट्यूब आणायला खाली चाललोय.

झिम्मा, २२ मार्च, सकाळी ११:४१

येताना फोटो काढा.